आमच्या घरातला डॉइन

आमच्या घरात काही वर्षं एक परका शब्द वस्तीला होता. डॉइन. डेन्मार्कच्या भाषेतला. तिकडचे लोक तो म्हणताना शेवटी घशात एक लहानशी अडखळ घेतात, ती आमच्यापैकी कुणालाच कधी जमली नाही. सासूबाई तर सरळ ‘डोईन’ म्हणायच्या. दिवस आणि रात्र मिळून जेवढा वेळ होतो, त्याला ते लोक हा एकच शब्द वापरतात. आम्हाला तो इतका लागला, कारण आमच्या संसाराला त्या काळात जेमतेम तेवढाच वेळ मिळत होता.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर शिक्षिका होते. माहेर माझं लोणीचं. आमच्या भावकीत डी.एड. होऊन नोकरीला लागलेली मुलगी मीच पहिली, त्यामुळे नेमणुकीचा आदेश आला तेव्हा शाळा कुठे आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही. वडिलांनी विहारात पेढे वाटले आणि मला वर पोचवायला ते स्वतः आले. लग्न झालं ते खोडदला. तिथं शेतांच्या मधोमध मोठमोठ्या जाळीच्या थाळ्या उभ्या आहेत, आकाशातून येणाऱ्या लहरी ऐकणारी दुर्बीण म्हणतात तिला. आमचे मिस्टर त्या थाळ्या फिरवणाऱ्या मोटारींच्या देखभालीवर होते.

शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की मी पिशवी घेऊन फाट्यावर उभी. एसटी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं खाली उतरायची. घोडेगावला गाडी बदलायची, मंचरला बदलायची, नारायणगावला उतरून खोडदची जीप भरेपर्यंत जीपमध्येच बसून राहायचं. घरी पोचेपर्यंत दिवेलागण. आणि रविवारी दुपारचं जेवण झालं की परत तोच रस्ता उलटा. शाळा एकशिक्षकी होती. वर जाणारी मुक्कामाची गाडी चुकली तर सोमवारी शाळेचं कुलूपच निघणार नाही, आणि पोरं कुठून कुठून ओढे ओलांडून आलेली असायची.

लेक झाली तेव्हा बाळंतपणाची रजा संपल्यावर मी तिला घेऊनच वर गेले होते. पण पहिल्याच पावसाळ्यात तिला छातीत कफ भरला. घाटात दरड आलेली, गाडी बंद. ज्यांच्या घरात मी एक खोली घेऊन राहत होते त्या मावशींनी आणि त्यांच्या मुलानं आम्हाला घोंगडीत गुंडाळून धरणापर्यंत चालत आणलं. पोर वाचली. त्यानंतर सासूबाईंनी तिला मांडीवर घेतली ती घेतलीच.

‘‘हितं ऱ्हाऊ दे तिला. मी हाय की,’’ म्हणाल्या.

मी राहू दिलं. दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच.

हा शब्द आमच्या घरात आणला तो डेन्मार्कच्या एका बाईंनी. त्या मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा लेक तीनाची झाली होती. दिवाळीनंतरचा शनिवार. मी जीपमधून उतरून घराकडे वळले तर ओट्यावर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई मांडी घालून बसलेल्या. बाजूला सासूबाई. दोघींच्या मध्ये मटाराचा ढीग. सासूबाई त्यांच्या बोलीत बोलत होत्या, त्या बाई त्यांच्या भाषेत उत्तर देत होत्या, आणि दोघीही माना डोलवत शेंगा सोलत होत्या. त्या बाईंच्या मांडीवर माझी लेक.

‘‘आली बघ तुजी आई. जा की,’’ सासूबाई म्हणाल्या.

लेक उठली आणि त्या बाईंच्या पाठीमागे जाऊन लपली. त्यांचा कुडता मुठीत धरून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली.

दर शनिवारी असंच व्हायचं. यायला तिला थोडा वेळ लागायचा, रविवारी सकाळी ती माझ्या अंगाखांद्यावर असायची, आणि दुपारी मी निघायचे. पण परक्या माणसाच्या आडून ती माझ्याकडे बघते आहे, हे त्या दिवशी फार लागलं. मी आत जाऊन पाय धुतले. बाहेर आले तर त्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. चेहरा ओशाळलेला. मोडक्यातोडक्या हिंदीत, मध्ये इंग्रजी घालत त्यांनी मला सांगितलं, ‘‘माझा मुलगा पण असाच लपायचा. वडील बोटीवरून घरी आले की.’’

मिस्टर त्यांना मॅडम म्हणायचे, म्हणून आम्हीही मॅडमच म्हणायला लागलो. दुर्बिणीवर देशोदेशीचे शास्त्रज्ञ यायचे, त्यांतल्याच या. दिवाळीनंतर यायच्या आणि होळीच्या आधी जायच्या. गेस्टहाउसच्या जेवणाला कंटाळून एकदा मिस्टरांना म्हणाल्या, भाकरी कशी करतात ते मला बघायचंय. तेव्हापासून आमच्या घरी त्यांचं येणं सुरू झालं होतं. नंतरच्या वर्षांत त्या थोडं मराठी शिकल्या. मी इथं त्यांचं बोलणं सरळ लिहिते आहे. प्रत्यक्षात ते तीन भाषांत आणि पुष्कळशा हातवाऱ्यांत व्हायचं, आणि अडेल तिथं मिस्टर सांगायचे.

त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, ‘‘किती राहणार?’’

‘‘एक दिवस,’’ मिस्टर म्हणाले.

‘‘एक दिवस, की एक दिवस आणि एक रात्र?’’

मिस्टर हसले. ‘‘एक रात्र आणि अर्धा दिवस.’’

‘‘म्हणजे डॉइनसुद्धा नाही,’’ त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

मग त्यांनी तो शब्द सांगितला. इंग्रजीत असा शब्द नाही, त्यामुळे इंग्रजी बोलताना आपली नेहमी अडचण होते, म्हणाल्या. ‘डे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळत नाही, रात्र धरायची की सोडायची. त्यांच्याकडे दिवसाला वेगळा शब्द, रात्रीला वेगळा, आणि दोन्ही मिळून जे होतं त्याला हा. दवाखान्यातली अखंड पाळी त्या शब्दानं सांगतात, कधीच बंद न होणारं दुकान त्या शब्दानं सांगतात. पाण्यावर जन्मून एकाच दिवसात मरणारी एक माशी असते, तिच्या नावातही तोच शब्द आहे.

सासूबाई शेंगा सोलता सोलता ऐकत होत्या. ‘‘डोईन? मला वाटलं डोईवर घ्यायचं कायतरी आसंल,’’ त्या म्हणाल्या, आणि मिस्टरांनी ते मॅडमना समजावून सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की मांडीवरचं ताट उपडं झालं. सगळ्यांनी मिळून मटार गोळा केले. लेक तेव्हा माझ्याजवळ बसून दाणे वेचत होती. तिचं डोकं माझ्या दंडाला टेकलं आणि ते तिनं तिथंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी वर जाताना गाडीत मी आपल्याकडचा शब्द शोधत बसले. आपण ‘दिवस’ म्हणतो त्यात कधी रात्र असते, कधी नसते. चार दिवस राहून आलो म्हटलं की रात्री आल्याच. पण दिवसा आणि रात्री असंही म्हणतो. अहोरात्र आहे, पण तो पुस्तकातला. अहोरात्र झटतात, अहोरात्र सेवा करतात. घरातलं माणूस घरातल्या माणसाला एक अहोरात्र राहा असं म्हणत नाही.

सोमवारी मी वर्गात विचारलं, ‘‘एक दिवस आणि एक रात्र मिळून काय होतं?’’

तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. ‘‘बाई, मुक्काम.’’

सगळी हसली, पण मला ते उत्तर फार आवडलं. त्यांच्या वाडीवर येणारी शेवटची गाडी मुक्कामाचीच होती. संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे, सकाळी निघायची. पुढच्या शनिवारी मी मोठ्या उत्साहानं मॅडमना हा शब्द दिला. त्यांनी तो दोनतीनदा म्हणून बघितला. मग विचारलं, ‘‘आपल्या घरी असतो का मुक्काम?’’

मुक्काम पावण्यांचा असतो. आपल्या घरी माणूस राहतं. आणि मघाशीच मी दारात पाऊल टाकलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी अंगणातून विचारलं होतं, ‘‘आलीस व्हय? मुक्कामाला हायेस न्हवं?’’ दर शनिवारी त्या तेच विचारायच्या. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही मुक्काम शब्द टाळायला लागलो. ठरवून नाही, पण मिस्टर डॉइन म्हणू लागले. ‘‘या शनिवारी लवकरची गाडी मिळाली तर जवळजवळ डॉइन होईल,’’ असं म्हणायचे. त्यांची कधी रविवारी सकाळची ड्यूटी लागायची, तेव्हा तोंड पाडून म्हणायचे, ‘‘आज पाव डॉइन.’’ पूर्ण डॉइन आमच्या वाट्याला फक्त सुट्टीत यायचा. दिवाळीत, उन्हाळ्यात, चौदा एप्रिलला. आणि पावसाळ्यात तर उलटंच. घाट बंद पडला की एक शनिवार जायचा, दुसरा जायचा. मी वर पडवीत बसून समोरच्या खाचरांतली लावणी बघायचे. बायका वाकून गुडघाभर चिखलात भात लावायच्या आणि माझे दोन्ही हात मांडीवर रिकामे असायचे.

त्या शब्दाचं मूळ मॅडमनी सांगितलं ते दुसऱ्या हिवाळ्यात. रविवारची सकाळ होती. आमच्या तुकड्यात टोमॅटोची बांधणी चालू होती. सासूबाई सुतळी घेऊन पुढे, मी आणि मिस्टर मागे, मॅडम बांधावर. लेक त्यांच्याजवळ बसून मातीत रेघोट्या ओढत होती. मध्येच तिनं आजीला विचारलं, ‘‘आजी, आई आता जाऊन परत कदी येणार?’’

‘‘आठ दिसांनी.’’

‘‘आठ म्हंजे?’’

मग ती बोटं दुमडून मोजायला लागली. सोमवार, मंगळवार असं करत शनिवारपर्यंत आली तर बोटं काही आठ होईनात. तिनं परत मोजलं. परत तेच. ती रडकुंडीला आली. तिला वाटलं, शनिवारच्याही पुढे अजून दिवस आहेत.

मॅडमनी विचारलं, काय झालं. मिस्टरांनी सांगितलं, की आम्ही सात दिवसांना आठ दिवस म्हणतो, आठवडाच म्हणतो. मॅडमनी कपाळावर हात मारला. ‘‘आमच्याकडेपण! आमच्याकडेपण आठ दिवस म्हणतात!’’ त्यांच्या भाषेत आठवड्याला वेगळा शब्द आहे, पण बोलताना ‘आठ दिवसांनी भेटू’ असंच म्हणायची पद्धत आहे. निघायचा दिवस आणि यायचा दिवस, दोन्ही मोजायचे म्हणून आठ. त्यांनी लेकीला जवळ घेऊन परत मोजायला लावलं. आजचा रविवार पहिला. आई आज आहे ना, मग तोही मोजायचा. मग पुढचे. आणि शनिवारी आई आली, तरी थांबायचं नाही, रविवार मोजायचा, तेव्हाही आई असतेच. आठ झाले. लेकीचा चेहरा उजळला. मला मात्र तिच्याकडे बघवेना. मी वाकून सुतळीची गाठ मारत राहिले.

त्यावरूनच बोलणं डॉइनवर आलं. मॅडमचे वडील एका बेटावर शाळामास्तर होते आणि जुन्या भाषेचं त्यांना वेड होतं. त्यांनी मुलीला लहानपणी सांगितलं होतं, की हा शब्द त्यांच्या ‘दिवस’ या शब्दाच्याच कुळातला. पण फार पूर्वी तो दिवस-रात्र दोन्हींना मिळून नव्हता. तो अर्ध्याला होता. उजेडाचा अर्धा भाग म्हणजे एक, अंधाराचा अर्धा भाग म्हणजे एक. दोन्ही अर्ध्यांना एकच नाव.

‘‘मग रात्रीलापण दिवसाच्या कुळातला शब्द?’’ मी विचारलं.

‘‘हो. रात्रीलापण.’’

जुन्या काळी समुद्रावर जाणारे लोक अंतर या शब्दानं सांगायचे. अमुक जमीन इतके डॉइन लांब आहे. आणि आता अभ्यासकांना कळत नाही, की ते इतके दिवस होते की त्याच्या निम्मे. कारण शब्द हळूहळू बदलत होता. अर्ध्याचं नाव होतं, ते पुढे पुऱ्याचं झालं.

‘‘कसं काय झालं पण?’’ मिस्टरांनी हातातली काठी खाली ठेवली. मोटार का बंद पडली हे शोधताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

‘‘ते कुणाला ठाऊक नाही. लोक म्हणत गेले, झालं. माझे वडील म्हणायचे, अर्धं एकटं राहीना.’’

सासूबाईंनी ओळीच्या टोकावरून हाक मारली, ‘‘आरं, बोलत काय बसलाय राव, ऊन चढाय लागलंय!’’ आम्ही परत कामाला लागलो. पण ते ‘अर्धं एकटं राहीना’ माझ्या मनात बसलं. त्या दुपारी गाडीत खिडकीशी बसले आणि मंचर कधी आलं कळलं नाही. मला वाटत राहिलं, लोक नुसते म्हणत गेले आणि अर्ध्याचं पुरं झालं. आपलं तसं होईल का?

मी बदलीसाठी अर्ज केलेला होता. आंबेगाव तालुक्यातून जुन्नर तालुक्यात. कारण योग्य होतं, सगळे मान्यही करायचे, पण माझ्या जागी वर जायला कुणी मिळत नव्हतं. शिक्षण खात्यातले साहेब चांगले होते. ‘‘बाई, कुणी आलं की तुमचा नंबर पहिला,’’ म्हणायचे. मी होय म्हणून परत यायचे. मलाही पोरांना कुलूपबंद शाळेसमोर सोडून यायचं नव्हतंच.

त्याच हिवाळ्यात नाताळच्या सुट्टीत मॅडमनी विचारलं, आळेफाट्याला येतेस का. तिथं चौकात एक फोनबूथ होता, दिवसरात्र उघडा. आळेफाट्याला ट्रकवाले, गॅरेजं, हॉटेलं, नाशिक-नगरच्या गाड्या, सगळंच कायम जागं. मिस्टर गमतीनं त्याला डॉइनचं गाव म्हणायचे. मॅडम तिथून घरी फोन लावायच्या. आम्ही जीपनं गेलो. त्या काचेच्या खोपटात शिरल्या, मी दाराशी उभी राहिले. बाहेर ट्रकचे भोंगे, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मग मध्येच माझ्या कानावर तो शब्द आला. डॉइन. एकदा, परत एकदा. त्या परत जायच्या दिवसांचा हिशेब सांगत होत्या बहुतेक, आणि तिकडून त्यांचे मिस्टर काहीतरी चुकवत असावेत, कारण त्या हसत होत्या आणि परत परत सांगत होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले होते.

समोरच्या हॉटेलात चहा घेताना मी त्यांना धीर करून विचारलं, ‘‘तुम्ही कायमच अशा लांब?’’

त्यांनी सांगितलं. लग्न झालं तेव्हा त्यांचे मिस्टर फेरीबोटीवर होते. काही दिवस पाण्यावर, काही दिवस घरी. पुढे ते निवृत्त होऊन घरी बसले, तोवर मॅडमचं काम वाढलेलं. आज या देशातली दुर्बीण, उद्या त्या. ‘‘आधी तो पाण्यावर, मग मी आकाशात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता थोडंच राहिलंय. मग मी निवृत्त होणार. मग सगळे डॉइन आमचे.’’

पुढच्या दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. खूप वाळल्या होत्या. ओट्यावर बसल्या, सासूबाईंचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत एकच वाक्य बोलल्या. मिस्टरांना ते आम्हाला सांगावं लागलं नाही. उन्हाळ्यात त्यांचे मिस्टर गेले होते. साधं दुखणं म्हणून दवाखान्यात नेलं, आणि परत आणलंच नाही.

सासूबाईही विधवा होत्या, ऐन तिशीत झालेल्या. ‘‘चहा ठिव गं,’’ मला म्हणाल्या, आणि मॅडमच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लेक आता पाचाची झाली होती. ती समोर उभी राहून नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी निघायची तयारी करत होते. मॅडम आल्या आणि माझ्या पिशवीकडे बघत उभ्या राहिल्या. ‘‘बदलीचं काय झालं?’’

‘‘होईल म्हणतात.’’

‘‘होईल. नक्की होईल,’’ त्या म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. ‘‘पण तोवर ही एवढीच राहणार नाही.’’

मी पिशवीचा बंद आवळला.

‘‘आम्ही दोघं नेहमी नंतर म्हणायचो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भांडणसुद्धा नंतर करू म्हणायचो. मी शेवटी त्याच्याजवळच होते. हात धरून होते. पण तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.’’

एवढं बोलून त्या लेकीला घेऊन बाहेर गेल्या. मी त्या दिवशी वर गेले. गाडीत, खोलीत, वर्गात, सगळीकडे माझ्या डोक्यात तेच. चुलीपाशी बसून मी मावशींना विचारलं, ‘‘मावशी, पोरीला इथं आणली तर?’’

या मावशींच्या घरी मी पहिल्यांदा खोली मागायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, तुम्ही कुणापैकी. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. त्या म्हणाल्या होत्या, बरं, पाणी गरम करू का, थंडी हाय. तशाच स्वरात त्या आताही म्हणाल्या, ‘‘आणा की. आता काय तान्ही हाय का ती? वाघ खातंय व्हय?’’

शनिवारी मी घरी बोलले. मिस्टरांनी गाड्यांच्या वेळा मनाशी जुळवून बघितल्या. मग म्हणाले, ‘‘ने. इकडनं शनिवारी मीच येत जाईन. तू एवढी वर्षं केलंस, आता मी करतो.’’ सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या लेकीचे कपडे घेऊन. एकेक कपडा झटकून घडी घालत होत्या.

‘‘लेकरू आईचंच आसतंय,’’ म्हणाल्या. घडी घातलेला फ्रॉक परत उलगडला आणि परत घडी घातली.

लेक माझ्याच शाळेत पहिलीच्या पोरांत बसायला लागली. घरी आई आणि वर्गात बाई, यात ती सुरुवातीला फार गोंधळायची. वर्गात चुकून आई म्हणाली की सगळी पोरं हसायची. महिनाभरातच ती त्यांच्यातली एक झाली. करवंदं, हिरड्याची झाडं, ओढ्यातले खेकडे, सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. रात्री ती माझ्या कुशीत झोपायची. पहिले काही दिवस मी नुसतं तिचा श्वास ऐकत पडायचे. मिस्टर शनिवारी मुक्कामाच्या गाडीनं यायचे, आणि रविवारी दुपारी त्यांना फाट्यावर सोडायला आम्ही दोघी जायचो. तेव्हा कळलं, की मागे राहणाऱ्याचं दुखणं वेगळं असतं. निघणाऱ्याला निदान गाडी पकडायची घाई असते.

आणि खोडदला सासूबाई एकट्या. सुट्टीत आम्ही गेलो की त्या लेकीला सोडायच्या नाहीत. निघायच्या वेळी म्हणायच्या, ‘‘ऱ्हाऊ दे की तिला. लई न्हाई, एक डोईनभर ठिव.’’ त्यांच्या तोंडून तो शब्द आला की मिस्टर मान वळवायचे. मॅडम त्या हिवाळ्यानंतर आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर काम केलेले एक शास्त्रज्ञ पुढे सांगत होते, की त्या आता बेटावर, वडिलांच्या गावी राहतात आणि बऱ्या आहेत.

माझी बदली झाली ती दोन हजार सालानंतर, लेक चौथीत असताना. खोडदपासून सायकलनं जाता येईल अशा शाळेत. सासूबाई तेव्हा होत्या. त्या दिवशी त्यांनी पुरणाची पोळी केली आणि शेजारच्या वहिनींना मुद्दाम बोलावून वाढली. ‘‘आता मुक्कामाला न्हाई बरं का, घरी आलीया,’’ असं त्यांना ऐकवलं. पुढची पाचसहा वर्षं त्या आमच्यात होत्या, आणि नातीच्या शेजारीच झोपायच्या.

सगळे एका घरात आल्यावर तो शब्द आपोआप मागे पडला. कुणी ठरवून सोडला नाही. आता मोजायला काही उरलं नव्हतं. मला याचं नवल वाटायचं, की इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते मिळालं, आणि मिळाल्यावर त्याला नावसुद्धा लागलं नाही.

पण मी स्वस्थ होते असंही नाही. रविवारी दुपारचं जेवण झालं की माझा जीव वरखाली व्हायचा. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, वर जायला हवं असं वाटायचं. पहिल्या पावसाळ्यात मला रात्रंदिवस त्या खाचरांची आठवण यायची. भाताचा वास यायचा नाकात, जो खोडदला असायचं कारणच नव्हतं. मिस्टरांना हे सांगायची मला लाज वाटायची. सगळं सुख पदरात पडलेलं, आणि बायको डोंगराकडे तोंड करून बसलेली.

शेवटी त्यांनीच विचारलं. ‘‘जायचं का एकदा वर?’’

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, शनिवारची रजा टाकून, आम्ही तिघं गेलो. गाडी पडवीजवळ थांबायच्या आधीच लेक उडी मारून पोरांत पळाली. मावशींनी नव्या तांदळाचा भात आणि माशाचं कालवण केलं. मिस्टर तीनदा भात घेऊन जेवले आणि मावशींच्या मुलाबरोबर खळ्यावर जाऊन बसले.

सकाळी मी एकटीच शाळेकडे गेले. शाळा सुरू होती. नवे गुरुजी तरुण होते, अकोल्याकडचे, मला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘या, मॅडम, आत या.’’ मी म्हटलं, नको, चालू द्या. मी दारातच उभी राहिले. फळ्यावर वर तारीख आणि वार लिहिलेला होता, सुंदर, ठसठशीत, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या अक्षरात. खाली पाढे. पुढच्या ओळीत पहिलीची नवी पोरं होती, लांबच्या वस्त्यांवरची, त्यांनी मला कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्यातल्या एका मुलीनं शेजारणीला विचारलं, ‘‘ह्या कोण गं?’’

शेजारण म्हणाली, ‘‘काय म्हाईत. पावण्या असतील.’’

गुरुजींनी पाढा पुढे सुरू केला. पोरांनी मोठ्यानं उचलला. मी दारात उभी राहून तो संपेपर्यंत ऐकला आणि मग, मिस्टर आणि लेक थांबले होते तिथं, परतीच्या गाडीकडे निघाले.